ते कपाट आपल्यासाठीही आहे



गेल्या महिन्यात आमच्या चाळीतील एक मुलगी रडवेल्या चेहऱ्याने घरी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबा गिरणीत होते म्हणून तिने प्रकल्पाला विषय घेतला, 'गिरणी कामगारांची रविवारची सुट्टी'. सरांनी विचारले, "पहिल्या पानावर सुट्टी १८९० साली मिळाली म्हणतेस, चौथ्या पानावर १८९१. खरे कोणते? आणि हे घेतलेस कोठून?" तिने दोन गाईडांतून उतरवले होते. उत्तर देता आले नाही. प्रकल्प परत मिळाला.

मला माझे दिवस आठवले. दिवसा नोकरी करून मी रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. केले. लायब्ररीत संदर्भग्रंथांचे एक कपाट होते. ती जाडजूड पुस्तके प्राध्यापकांसाठीच असणार, असे वाटे. तीन वर्षांत एकदाही हात लावला नाही. मनाई कोणी केली नव्हती. भीती माझ्याच मनात होती.

मी तिला म्हटले, "पोरी, ग्रंथपालांकडे जा. नुसते 'पुस्तक द्या' म्हणू नकोस. मला काय शोधायचे आहे, ते सांग."

ती गेली आणि तीन दुपारी बसली. उलगडा झाला तो असा: नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टी कायद्यात आली. म्हणजे दोन्ही साले खरी. एक मालकांनी मान्य केल्याचे, दुसरे कायद्याचे. गाईडांनी दोन्हींची खिचडी केली होती.

आपल्या मुलांना एवढे जरूर सांगा:

१) सुरुवात मराठी विश्वकोशापासून करावी. नोंदी अकारविल्हे असतात. माणसाच्या नावाखाली सापडले नाही, तर विषयाच्या नावाखाली पाहावे. विश्वकोश आता मोबाईलवरही फुकट वाचता येतो.

२) जिल्ह्याची माहिती गॅझेटियरमध्ये, लोकसंख्येचे आकडे जनगणनेच्या पुस्तकांत पाहावेत. आकडा कोणत्या सालचा, हे लिहावेच.

३) कोशातली माहिती थोडक्यात असते. नोंदीखाली दिलेल्या ग्रंथांची नावे टिपून ते ग्रंथ मागावेत.

४) संदर्भग्रंथ बहुधा घरी देत नाहीत. वही घेऊन जावे. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल आणि पान आधी लिहावे, मग मजकूर.

५) दोन पुस्तकांत फरक आढळला तर घाबरू नये. खरा अभ्यास तेथेच सुरू होतो.

आई-वडिलांनाही एक विनंती. मुलगी लायब्ररीत थांबून उशिरा आली, तर "कुठे होतीस?" म्हणून आधी ओरडू नका. वही पाहा.

त्या मुलीने नवा प्रकल्प आधी आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "आम्हाला वाटायचं, रविवार पहिल्यापासूनच सुट्टीचा असतो." जन्मभर गिरणीत राबलेल्या माणसाला ही हकीकत नातीकडून कळली.

त्या कपाटाची फी आपण भरलेली आहे. ते उघडायला लावा.