ॲप आणा, पण खिडकी बंद करू नका

केसपेपरची रांग आता मोबाईलवर येऊ लागली आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ साली सुरू झालं. त्याचं ‘आभा’ हे १४ आकडी आरोग्य खातं. दवाखान्यातला क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, वय, पत्ता खिडकीवर पोचतो, टोकन मिळतं. चांगलंच आहे, रांगेत रोज बुडतो तो आपलाच.

पण नांदेडला विष्णुपुरीत किंवा लातूरच्या सरकारी दवाखान्यात येणाऱ्या आपल्या कितीतरी आज्यांकडे बटणाचाच फोन असतो. घरातला स्मार्टफोन पोरासोबत पुण्याला. ओटीपी तिकडे, आजी इकडे! ॲप बनवणाऱ्यांनी ते आधी वस्तीत आजीच्या हाती देऊन पाहावं. ते मराठीत बोलावं, नेट गेल्यावर अडू नये. आणि नर्सला तीच माहिती रजिस्टरात आणि पुन्हा मोबाईलवर भरायला लावू नका. तो वेळ पेशंटचा असतो.

‘आभा’ ऐच्छिक आहे. ‘आधी ॲप टाका’ म्हटलं तर हातानं केसपेपर काढून मागा. ओटीपी मात्र कुणा अनोळखी मदतनीसाला सांगू नका, आपल्या आजाराची कागदं त्यातूनच उघडतात.