शस्त्रक्रियागृहात पाठवण्यापूर्वी विद्यार्थ्यांची तयारी करून घेण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, सर्जरीच्या पोस्टिंगला लागलेल्या विद्यार्थ्यांना सध्या कोणतीही तयारी करून न घेता थेट ओटीत उभे केले जाते. टेबलाभोवती गर्दी होते आणि मागच्यांना निवासी डॉक्टरांच्या पाठीच दिसतात. कुणाचे कोपर हिरव्या कापडाला लागले की सिस्टर ओरडतात. त्यात त्यांचे काही चुकत नाही. निर्जंतुक भाग कुठून सुरू होतो, हे आम्हाला कुणी दाखवलेलेच नसते.

वैद्यकीय महाविद्यालयांत स्किल लॅब असणे २०२० च्या नियमावलीने आवश्यक केले आहे. आपल्याकडील लॅब तपासणीपुरती उघडते, हे नाइलाजाने नमूद करावे लागते. पोस्टिंगचा पहिला दिवस तेथे घ्यावा. हात कोपरांच्या वर धरून धुणे, पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळू देणे, ग्लोव्हच्या बाहेरच्या बाजूला उघडे बोट न लावता तो चढवणे, हे प्रत्येकाकडून करून घ्यावे. स्लाइड दाखवून भागणार नाही. शिकवण्यासाठी ओटीच्या परिसेविकांना सन्मानाने बोलवावे. चुकलेला हात त्यांना सर्वांत आधी दिसतो.

हिपॅटायटिस बी लसीचा तिसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी येतो. म्हणून लसीकरण प्रवेशाच्या वर्षीच सुरू व्हावे. सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. रात्री ती कुठे मिळतील, याचा फलक हात धुण्याच्या जागी लावावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या सुरक्षा तपासणी यादीत छेद घेण्यापूर्वी चमूतील सर्वांनी नाव व काम सांगायचे असते. त्यात विद्यार्थ्यालाही घ्यावे आणि रिट्रॅक्टर धरणे, गॉझ मोजताना लक्ष ठेवणे असे एखादे काम नेमून द्यावे. एका टेबलावर दोघांहून अधिक विद्यार्थी नसावेत. उरलेल्यांनी त्या वेळी रिकव्हरीत रुग्ण पाहावेत.

चक्कर येऊ लागली तर टेबलापासून मागे सरून खाली बसावे, एवढे जरी आधी सांगितले तरी पुष्कळ. विद्यार्थी हजर राहणार असल्याची कल्पना रुग्णालाही आदल्या दिवशी देण्यात यावी.

पुढील बॅचचे पोस्टिंग सुरू होण्यापूर्वी शल्यचिकित्सा, बधिरीकरण व परिचर्या विभागांसह आमच्या प्रतिनिधींची बैठक बोलवावी आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
विद्यार्थी प्रतिनिधी

प्रत माहितीस्तव : विभागप्रमुख, शल्यचिकित्साशास्त्र