डोक्याचे माप आणि माणसाचे मोल

घरात बाळ जन्मास आले म्हणजे ‘नाक बापाचे, डोळे आजीचे’ असे आपण कौतुकाने म्हणतो. हे साम्य कोणत्या नियमाने उतरते, याचा पहिला पद्धतशीर शोध एका धर्मगुरूने लावला. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठाच्या बागेत वर्षानुवर्षे वाटाणा लावून पाहिला आणि आपले निष्कर्ष 1866 साली प्रसिद्ध केले. पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या त्या गुणबीजांना आज जनुके म्हणतात.

2018 साली सांताक्रूझ व ब्रुसेल्स येथील संशोधकांनी अशाच एका जनुक-कुटुंबाची हकिकत जगापुढे मांडली. त्याचे नाव ‘नॉच टू एन-एल’. फार प्राचीन काळी एका जुन्या जनुकाची अर्धवट नक्कल उतरली. चिंपांझी व गोरिला यांच्या ठायी ती आजही निकामी आढळते. मनुष्याच्या पूर्वजांत मात्र सुमारे 30 ते 40 लक्ष वर्षांपूर्वी ती दुरुस्त झाली आणि पुढे तिच्या आणखी प्रती निघाल्या.

या जनुकांचे कार्य शेतकऱ्यास चटकन उमगेल. सर्व धान्य खाऊन टाकणाऱ्याचे शेत पुढील साली ओसाड राहते. बियाणे राखून पेरणाऱ्याचे पीक उशिरा, पण भरघोस येते. गर्भातील मेंदूच्या मूळपेशी हे जणू बियाणेच होय. मूळपेशीची एकदा मज्जापेशी झाली की ती पुन्हा विभागत नाही. ही जनुके मूळपेशींस तशी घाई करू देत नाहीत. त्या अधिक काळ विभागत राहतात आणि अखेरीस मज्जापेशींची संख्या वाढते. मनुष्याचा मेंदू चिंपांझीच्या सुमारे तिप्पट आहे, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

परंतु ही जनुके पहिल्या गुणसूत्राच्या ज्या भागात आहेत, तेथे कधी एखादा तुकडा गळतो, तर कधी दुप्पट होतो. तुकडा गळाल्यास बाळाचे डोके लहान राहण्याचा व दुप्पट झाल्यास मोठे होण्याचा संभव असतो. काही मुले उशिरा बोलतात, काहींना शिकणे जड जाते, तर काहींत काहीच वैगुण्य दिसत नाही. त्या भागात इतरही जनुके असल्याने सारा भार एकट्या या कुटुंबावर टाकता येत नाही.

तथापि एक गोष्ट निश्चित आहे. हा फेर आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, ग्रहणाने होत नाही, कोणाच्या दृष्टीनेही होत नाही. मग गावातील जिभा त्या माउलीस का टोचतात? जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी पापाचा प्रश्न काढला, तेव्हा प्रभूने तो दोष ना त्याच्यावर ठेवू दिला, ना त्याच्या आईबापांवर.

मानवी देहाच्या उत्पत्तीचा शोध घेण्यास पवित्र सभेची आडकाठी नाही. पोप बारावे पायस यांनी 1950 सालच्या आपल्या परिपत्रात हे सांगितले, आणि आत्मा मात्र प्रत्यक्ष परमेश्वरच निर्माण करतो, हेही बजावले. मज्जापेशी मोजता येतील, पण आत्म्यास तराजू नाही.

म्हणून वाचकहो, आपल्या वाड्यात असे मूल असेल तर त्यास वेळीच डॉक्टरांस दाखविण्यास त्याच्या आईबापांना साह्य करा. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला पुढच्या बाकावर जागा द्या. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तोही उभा राहू द्या. प्रभूच्या मेजाशी कोणाचेही डोके मापले जात नाही.