पुडीवर बंदी आहे, सुपारीचं काय?

महाराष्ट्रात गुटखाबंदी येऊन एक तप उलटून गेलं. जुलै २०१२मध्ये तेव्हाचे अन्नसुरक्षा आयुक्त महेश झगडे यांनी पहिला आदेश काढला, आणि तेव्हापासून दरवर्षी तो नव्याने काढला जातो. तरीही महाबळेश्वरला येताना पसरणी घाट चढा किंवा पोलादपूरकडून आंबेनळी, कठड्यांवर पिचकाऱ्या दिसतातच. त्या पानाच्या असतील असं समजून सोडून देऊ; पण कठड्याखाली पडलेल्या रिकाम्या पुड्यांचं काय?

म्हणून बंदी फसली, असं म्हणायला मात्र मी तयार नाही. २००९-१०च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २७.६ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खात होते. २०१६-१७मध्ये ते प्रमाण २४.४ टक्क्यांवर आलं. ही सगळी घट बंदीमुळेच झाली असं नाही. पण दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा उघड्यावर लटकत, ते दिवस गेले. पोरांच्या नजरेसमोरून माळ हलली, हे काही थोडं नव्हे.

आदेश दरवर्षी का काढावा लागतो? २००२मध्ये राज्याने भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली एकदम पाच वर्षांची बंदी घातली होती. ऑगस्ट २००४मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २००६चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याचं कलम ३० आयुक्तांना घातक अन्नपदार्थ रोखण्याचा अधिकार देतं, पण एका वेळी जास्तीत जास्त एका वर्षासाठी. शिवाय २०११च्या नियमांनुसार कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येत नाही. गुटखा हा अन्नपदार्थ ठरला, की तो आपोआप बाद होतो.

उत्पादकांनी यावरही तोड काढली. पान मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्ही तळहातावर एकत्र करायचं काम गिऱ्हाइकाचं! सप्टेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जोडपुड्यांचीही दखल घेतली. आपल्या राज्याच्या आदेशात तर पान मसाला, सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी हे सगळं येतं. पण साधी सुपारी, साधी तंबाखू आणि चुना वेगवेगळे विकत मिळतात. साताऱ्या-सांगलीकडे टपरीवर हे तिन्ही प्लॅस्टिकच्या कागदात घोटून दिलं, की झाला मावा. त्याला कारखाना नाही, छापील पुडी नाही, इशारा नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना जिन्नस तयार होतो आणि पाच मिनिटांत गालात जातो. निरीक्षकाने जप्त काय करायचं?

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. आपण तंबाखूला शत्रू मानलं आणि सुपारीला सोडून दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्येच नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जाहीर केला. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी तर १९५३मध्येच तोंडाचं अस्तर कडक होण्याचा आजार नोंदवला होता; त्याचं मुख्य कारण सुपारी, हे आता पक्कं आहे. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे अस्तराखालच्या पेशी जास्त कोलॅजन तयार करतात. तिच्यातलं तांबं त्या तंतूंची वीण घट्ट करतं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल चामड्यासारखा होतो, शेवटी तोंडच उघडत नाही. सुपारी सोडली तरी आवळलेला गाल पहिल्यासारखा होत नाही. आजार वाढायचा थांबू शकतो, एवढंच. यातल्याच काहींच्या तोंडात पुढे कर्करोग उद्भवतो.

पूजेत मान असलेली, लग्नात ‘फोडली’ जाणारी वस्तू घातक आहे, हे लोकांच्या पचनी पडणं अवघड, हे खरं. सुपारीवर बंदी घाला, असंही मी म्हणत नाही. घाटाखाली श्रीवर्धनच्या वाडीवाल्यांचा संसार रोठ्यावर चालतो. पण ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे’ असं म्हणून आई पोराला सुगंधी सुपारीची पुडी घेऊ देते, ते थांबलं पाहिजे.

अंमलबजावणीचं बोलायचं, तर टपरीवाल्याला पकडून फोटो काढण्यात फारसा अर्थ नाही. त्याला माल देणारा कोण, हे विचारलं पाहिजे, आणि त्या घाऊक दुकानाचा अन्न परवाना रद्द झाला पाहिजे. पाचगणी तर निवासी शाळांचं गाव. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकू नये, हा नियम २००३च्या कायद्यातला आहे. अल्पवयीन मुलाला ती देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अंतर मोजायला टेप लागते, प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरं काम आरोग्य खात्याचं. पावसाळ्यात महाबळेश्वरचा हंगाम थंडावतो. टॅक्सीवाले, घोडेवाले, हॉटेलातले कामगार यांची तोंडतपासणी त्याच दिवसांत सहज उरकता येईल. तोवर घरी करायची परीक्षा सोपी आहे: तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं, एकावर एक अशी उभी, दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर सुपारी आजच टाका आणि दंतवैद्य गाठा. तंबाखू सुटत नसेल, तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे.