गोणीवरचा आकडा

कोल्हापूर जिल्ह्यात, विशेषतः शिरोळ-हातकणंगल्याच्या पट्ट्यात, उसाची लागण कांडीऐवजी रोपांनी करण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. ही रोपे मातीत वाढत नाहीत. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये भरलेल्या नारळाच्या भुशात, बाजाराच्या भाषेत कोकोपीटमध्ये, ती वाढतात. हा भुसा मुख्यतः तमिळनाडू-केरळातून येतो आणि त्यात वाढलेली रोपे कागल ओलांडून निपाणी-चिकोडीकडेही जातात. एवढा पसारा ज्या मालावर उभा आहे, त्याच्या वेष्टनावर काय लिहावे याचा मात्र धरबंद नाही.

खताची गोष्ट निराळी. 1985 च्या खत नियंत्रण आदेशाने रासायनिक खतांना, आणि 2006 पासून गांडूळखत व शहरी कंपोस्ट यांसारख्या सेंद्रिय खतांनाही, प्रमाणके घालून दिली. परवाना राज्याने द्यावयाचा असला तरी प्रमाणक देशभर एकच. भुसा पिकाला पोसत नाही, मुळांना आधार आणि ओलावा तेवढा देतो. साहजिकच कायद्याच्या लेखी तो खत ठरत नाही. वैधमापनाच्या नियमांना वजन पुरते. परंतु 5 किलोच्या दाबलेल्या विटेचे वजन घेऊन रोपवाटिकेने करावयाचे काय? तिला ट्रे भरावयाचे असतात. पाण्यात फुगल्यावर एक वीट 60 लिटर भरते, तर दुसरी 70 च्या पुढे जाते. गावोगावी निरनिराळ्या पायलीने धान्य मोजण्याचा काळ 1956 च्या वजनमापे कायद्याने संपविला, असे आपण समजत होतो!

खरी मेख क्षारांत आहे. खाऱ्या पाण्यात भिजविलेल्या सोडणांच्या भुशात सोडियम राहते आणि तो नीट धुतला नसेल तर कोवळी मुळे करपतात. क्षारांचे मान विद्युतवाहकतेवरून कळते. तथापि भुशाच्या दीडपट पाणी घालून ती मोजली, तर आकडा चढा येतो. पाचपट पाणी घातले, तर त्याच भुशाचा आकडा उतरतो. दोन्ही पद्धती जगात प्रचलित आहेत. शिवाय एककाचा घोळ वेगळाच : कोणी सेंटिमीटरमागे मोजून 0.5 लिहितो, कोणी मीटरमागे मोजून 50 लिहितो, आणि क्षार मात्र तेवढेच. पद्धत व एकक न सांगता छापलेला आकडा खरा असूनही फसवू शकतो.

युरोपीय संघाने हा प्रश्न 2019 च्या खतविषयक नियमावलीने हाताळला. ती 16 जुलै 2022 पासून लागू झाली. तिच्यात रोपमाध्यमाला स्वतंत्र वर्ग आहे. वाहकता, सामू, आकारमान आणि उत्पादनाची तारीख वेष्टनावर द्यावी लागते. त्यातील शहाणपण असे, की उत्पादकावर सक्ती नाही. तो आपल्या देशाच्या जुन्या नियमांनुसार माल विकू शकतो. मात्र ज्याने सामाईक चिन्ह घेतले, त्याचा नियमात बसणारा माल कोणत्याही सदस्य राष्ट्राला वेष्टनाच्या कारणावरून अडविता येत नाही. म्हणजे युरोपातील माळ्याला आपल्याच देशातील भुशाची जेवढी माहिती मागता येते, तेवढी जयसिंगपूरच्या रोपवाटिकेला मागता येत नाही.

लहान उत्पादकावर तपासणीचा बोजा पडेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु आज तोच अधिक भरडला जातो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखविले, की गुण पारखता येत नसेल तर ग्राहक सरासरी किंमतच देतो आणि चांगला माल बाजारातून हटतो. भुसा दोनदा धुणाऱ्याला पाण्याचा व मजुरीचा खर्च येतो. न धुणाऱ्याची गोणी शेजारी स्वस्त दिसते. घाऊक मालाच्या प्रत्येक घाणीमागे एक तपासणी ठेवली, तर खर्च गोणीगणिक फारसा जाणवणारही नाही.

तेव्हा भारतीय मानक ब्युरो आणि कॉयर बोर्ड यांनी मिळून ऐच्छिक चिन्ह काढावे, आणि महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही कृषी खात्यांनी ते मान्य करावे. मजकूर मराठीत असावा, कन्नडमध्येही असावा. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचे व्हावयाचे ते होवो. सोडियमला तो वाद ठाऊक नाही. अडसाली लागणीचे ट्रे मे-जूनमध्ये भरले जातात. त्यापूर्वी निदान फुगल्यानंतरचे लिटर आणि मोजणीची पद्धत, एवढ्या दोन ओळी पुरवठादाराकडून लिहून घेण्यास रोपवाटिकांना कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.