पॅनल पंचवीस वर्षांचं, योजना पाच वर्षांची



१४ डिसेंबर म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. आपण शाळेत मुलांकडून 'वीज वाचवा'ची घोषवाक्यं लिहून घेतो, फोटो काढतो, झालं. एका वर्षी त्याच दिवशी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा बाकावर डोकं टेकून गाढ झोपला होता. उठवलं तर म्हणाला, "सर, रात्रीची लाईन होती. बाबासंगं हरभऱ्याला पाणी द्यायला गेल्तो."

आपल्या हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव असो की कळमनुरी, हे नवं नाही. शेतीची वीज आलटून-पालटून येते. रात्रीची पाळी आली की थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत, सोबत म्हणून पोरगं बॅटरी धरून उभं राहतं. म्हणून दिवसा वीज देणारी सौरऊर्जा मला केवळ पर्यावरणाचा विषय वाटत नाही. तो हजेरीपटाचाही विषय आहे.

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला किमतीच्या फक्त १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची आहे. दोन्ही चांगल्याच. पण जरा हिशोब करा. सौर पॅनल साधारण २५ वर्षं चालतं आणि पंपाची दुरुस्ती हमी ५ वर्षांची. सहाव्या वर्षी कंट्रोलर जळाला तर शेतकऱ्याने जायचं कुठे? तालुक्याला दुरुस्ती येणारी किती पोरं आहेत? आयटीआयमध्ये शिकून आपलीच मुलं हे काम करू शकतील, पण त्यासाठी योजना पुढेही चालू राहील ही खात्री हवी. दर निवडणुकीला नाव आणि नियम बदलले तर त्या धंद्यात कोण पडेल?

दुसरी गोष्ट बचतीची, आणि ती कुणाला फारशी आवडत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी मोफत विजेची योजना आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला तिचा आधार आहे, ते मी नाकारत नाही. पण बिल शून्य असलं की दहादा मोटार भरून घेतलेला, वीज खाणारा जुना पंप बदलायचं कोणाच्या मनात येणार? सौर पंपाचंही तसंच. ऊन फुकट आहे म्हणून दिवसभर उपसा केला तर विहीर आटणारच. वसमतकडच्या हळदीला ठिबक आणि चांगला पंप मिळाला तर कमी विजेत, कमी पाण्यात भागेल. तेवढाच पैसा सरकारने तिकडे दिला तर?

शाळेतलाही हिशोब बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. आठ पंखे रोज सहा तास चालले तर दिवसाला दोन युनिटपेक्षा जास्त वाचतात. हे गणित मुलांना जरूर घाला. नवे पंखे मात्र महाग पडतात, बचत हळूहळू दिसते. शाळेचं अनुदान वर्षाचं असतं, त्यामुळे आपण स्वस्तातलाच पंखा आणतो. मीही तेच केलंय.

आपल्या शेजारचं येलदरी आणि औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर ही धरणं साठच्या दशकात झाली. येलदरीच्या वीजघरात पूर्णेच्या पाण्यावर आजही वीज होते. ते बांधणाऱ्यांनी पाच वर्षांचा विचार केला असता तर आज आपल्या कालव्याला पाणी नसतं.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला पालक म्हणून जाल, तेव्हा एवढंच विचारा: गावात बसलेला सौर पंप सहाव्या वर्षी बंद पडला तर फोन कोणाला करायचा? आणि उत्तर मिळालं तर आम्हालाही कळवा, वर्गात सांगायचं आहे.