फॉरमॅट मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे!

शहापूर काय नि मुरबाड काय, विंडोजचं अपडेट फसून संगणक अडला की एकच वाक्य ऐकू येतं. "फॉरमॅट मारावा लागेल." पाय मुरगळला म्हणून तो कापायला सांगणाऱ्या वैद्याला आपण दारात उभं करणार नाही. इथे मात्र मुकाट्याने मान डोलावतो. का बुवा?

मंडळी, मला हे अजिबात पटत नाही. आज जरा भांडणारच आहे.

फॉरमॅटमध्ये काय जातं ते आधी बघा. डेस्कटॉपवर आणि 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलेलं सगळं बहुतेक घरांत सी ड्राइव्हवरच असतं. लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, पोरांचे प्रोजेक्ट, दुकानाचा हिशेब... सगळं साफ. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर वाचल्या तरी फॉन्ट उडालेला असतो. मग आजोबांनी हौसेने टाईप केलेल्या आठवणी उघडाव्यात, तर समोर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ! आणि एवढं करून, अपडेट ज्या कारणाने फसलं ते कारण बऱ्याचदा जागच्या जागी असतं. चार महिन्यांनी पुन्हा तेच रडगाणं.

कारणं तशी साधी असतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली. अपडेट अर्ध्यात असताना संगणक बंद पडला की फायली अर्धवट राहतात. मोठं अपडेट काही जीबींचं असतं, आपण ते मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत बसवायला बघतो. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असतो. भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकर, हे आपल्याला नवीन नाही. ही अपडेट्सही अखंड वीज आणि भरपूर इंटरनेट असलेल्या घराचा हिशेब धरून बनवलेली असतात.

आणि दर वेळी चूक आपलीच असते असंही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं मोठं अपडेट सोडलं, त्यात काही लोकांच्या स्वतःच्या फायलीच पुसल्या गेल्या. चार दिवसांत वाटप थांबवावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये आलेलं एक सुरक्षा अपडेट असंख्य संगणकांवर बसेचना. कारण? डिस्कच्या रिकव्हरी भागात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. तो भाग विंडोजनेच आखलेला! पडद्यावर यायचा तो एक अगम्य आकडा. उपाय काय, तर काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करून तुम्हीच तो भाग मोठा करा. पुढे कंपनीने, हे आपोआप दुरुस्त होणार नाही, असंही सांगून टाकलं. अशा वेळी घरातल्या माणसाला "तूच काहीतरी दाबलंस" म्हणून बोलणं बंद करा.

दुसरा पंथ आहे 'अपडेट कायमचं बंद' वाल्यांचा. यांच्याशीही माझं भांडण आहे. 'वॉनाक्राय'ने मे २०१७ मध्ये जगभर संगणक ओलीस धरले, तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन गेलं होतं. ज्यांनी बसवलं नव्हतं त्यांना फटका. कधीतरी ताप येतो म्हणून लसच नको, हा कुठला न्याय?

मग करायचं काय?

पहिलं, घाई नको. आकडा ३० टक्क्यांवर अडकला तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर तास-दोन तास वाट बघा. अपडेट फसलं की विंडोज बदल स्वतःच मागे घेतं, तेही होऊ द्या. दुसरं, पडद्यावरचा कोड कागदावर उतरवा किंवा फोटो काढा. शेवटी ८००७००७० असेल तर अर्थ एवढाच, की जागा संपली. सी ड्राइव्हवर वीसेक जीबी मोकळी करा. तिसरं, पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून ठेवा आणि सेटिंग्जमधला ट्रबलशूटर चालवा. चौथं, अर्धवट उतरलेल्या फायली 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन' नावाच्या फोल्डरात असतात. अपडेटची सर्व्हिस थांबवून त्या फोल्डरचं नाव बदललं की विंडोज नव्याने उतरवून घेतं. संगणक सुरूच होत नसेल, तर लागोपाठ दोन-तीनदा फसल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय असते. यातलं काहीच चाललं नाही तर आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फायली बाहेर काढा. फॉरमॅट त्यानंतर.

एक प्रकार मात्र वेगळा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि बरेच जुने प्रोसेसर ते अधिकृतपणे स्वीकारतच नाही. तिथे दहा वेळा फॉरमॅट मारा, आतला प्रोसेसर काही बदलत नाही. त्यापेक्षा लिनक्स टाका. ब्राउझर आणि मराठी टायपिंग त्यात छान चालतं.

आता दुरुस्ती करणाऱ्या पोरांची बाजू. फॉरमॅटला दीड तास लागतो, कारण शोधायला अख्खी दुपार जाते. आणि आपण? "नुसतं बघायचे कसले पैसे?" म्हणून हुज्जत घालतो. डॉक्टरला तपासायची फी देतो ना? मग या पोरालाही द्या. निदान फुकटात हवं असेल तर तो फॉरमॅटच मारणार, आणि त्यात त्याचा दोष निम्माच.

तेव्हा नातेवाईकांनो, विशेषतः दर दिवाळीला मला "जरा बघ ना" म्हणणाऱ्यांनो, पुढच्या वेळी दुकानात तीन गोष्टी ठासून सांगा. आधी फायली बाहेर काढ. कोड काय आला ते लिहून दे. कारण सापडलं तर त्याचे वेगळे पैसे घे. त्या पोराला या तीनही गोष्टी जमतात, आपण कधी मागतच नाही.